न झालेल्या काविळीचं पथ्य

मला कावीळ कधीच झाली नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता म्हणताना माझाच माझ्यावर विश्वास बसेनासा होतो. अजूनही हट्ट्याच्या बसथांब्यावर एखादं म्हातारं माणूस भेटतं, माझ्या तोंडाकडे निरखून बघतं आणि विचारतं, "काविळीचं आता कसं हाय, बाई?" मी म्हणते, "बरं आहे." दुसरं काय म्हणणार? एस.टी. समोर उभी असते, दोन्ही हातांत पिशव्या असतात, आणि मला जो आजार खरोखर झाला होता तो समजावून सांगेपर्यंत कंडक्टर काही थांबणार नसतो.

आमचं गाव हट्ट्यापासून जवळच. हळदीचं गाव. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते, सगळं गाव त्यांना गुर्जी म्हणे. आमच्या बौद्धवस्तीतून बारावी सायन्स करून नांदेडला बी.एस्सी.ला गेलेली पहिली मुलगी मी. पहिलं असण्यात काय मजा असते ते ज्यांनी पहिलं असून पाहिलं नाही त्यांनाच विचारावं. वस्तीतल्या कुठल्याही पोरीला मार्क कमी पडले की माझं नाव घेऊन तिला बोलणी बसत. त्या पोरी माझ्या तोंडावर गोड बोलत आणि पाठ फिरली की दात खात. मला नापास व्हायची, कंटाळायची, आजारी पडायचीसुद्धा मुभा नव्हती. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला ते पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षाला संक्रांत झाली आणि माझं उठणंच बंद झालं. झोप लागायची असं नाही, नुसती पडून राहायचे. केस धुवायचे म्हटलं की नळापर्यंत जाणं म्हणजे परभणीला पायी जाण्याएवढं वाटे. प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब पडत राहिले, चंचुपात्रातला रंग बदलून गडद होऊन गेला, तरी तोटी बंद करायचं माझ्या लक्षात आलं नाही. सर सगळ्यांदेखत ओरडले. मला त्याचंही काही वाटलं नाही. कशाचंच काही न वाटणं हाच आजार होता, पण तेव्हा मला ते कुठून माहीत असणार? मला वाटायचं, मी आळशी झाले, नालायक झाले, इतक्या लोकांच्या तोंडाला पानं पुसायला निघाले.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. रेक्टरबाई म्हणाल्या, घरची आठवण येते म्हणून होतं, चांगलं वाचन कर. मेसवाल्या काकू म्हणाल्या, दूध पी. वर्गातली एक म्हणाली, सकाळी उठून पळत जा. अहो, उठता येत नाही म्हणून तर रडतेय! शेवटी माझ्या खोलीतल्या वसमतच्या मैत्रिणीनं पीसीओवरून आमच्या गावात फोन लावला आणि निरोप ठेवला, की गुर्जींना म्हणावं, पोरगी जेवत नाही, लवकर या.

बाबा आले. आमच्याकडे कुठल्याही दुखण्याला आधी सलाईन. बाटली टांगली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. मलाही लावली. बाटली संपली आणि मी होते तशीच पडून राहिले. तेव्हा सलाईन लावणारा डॉक्टर म्हणाला, "गुरुजी, हिला मनाच्या डॉक्टरांना दाखवा." आमचा हिंगोली जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. जिल्हा झाला, कलेक्टर आला, पाट्या बदलल्या, पण मनाचा डॉक्टर काही आला नव्हता. तो नांदेडलाच होता. त्याच्या दवाखान्यात बाकावर बसलेला प्रत्येक जण शेजारच्याला सांगत होता की मी नुसता सोबत आलोय. एका बाकावर पाच माणसं, पाचही सोबत आलेली. बाबाही शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, "आम्ही सोबत आलो आहोत." माझ्या बाबांची एक खोड होती. घरीदारी ते आमच्यासारखंच बोलत, पण खोटं बोलायचं असलं की एकदम पुस्तकी मराठीत शिरत.

डॉक्टरांनी बाबांना थोडा वेळ बाहेर बसवलं आणि मला चार-दोन सरळ प्रश्न विचारले. मी सरळ उत्तरं दिली. मग बाबांना आत बोलावून त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, याला नैराश्य म्हणतात, डिप्रेशन म्हणतात, आळस नाही आणि वेडही नाही. गोळ्या लिहून दिल्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, बरं वाटलं तरी मी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, असं त्यांनी दोन वेळा बजावलं. मला इतकं हायसं वाटलं! माझ्या नालायकीला औषध होतं. म्हणजे ती नालायकी नव्हतीच. मी बाबांकडे बघितलं, तर ते खुर्चीत अगदी आक्रसून बसले होते.

गावाकडच्या एस.टी.त त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी बारीक घडी करून आतल्या खिशात ठेवली. हट्ट्याला उतरलो, तर पहिल्याच ओळखीच्या माणसानं गाठलं, "गुर्जी, पोरगी लई उतरली की! काय झालं?"

बाबा म्हणाले, "तिला कावीळ झाली आहे."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझ्यात भांडायची ताकद असती तर मी तिथेच भांडले असते. घरी आल्यावर मात्र विचारलं, "बाबा, कावीळ काहून सांगितली?"

"कावीळ बरी व्हते," ते म्हणाले. "हे बरं झालं तरी लोक बरं झालं म्हणत न्हाईत."

"पण मला कावीळ न्हाई ना!"

"तुझ्यामागं वस्तीतल्या दोन पोरी नववीला हायेत. दोघीबी सायन्स घ्यायचं म्हणून राहिल्या. त्यायच्या बापायला काय सांगू? गुर्जीची पोरगी शिकून येडी झाली म्हणून?"

ते नुसतं लाजेखातर खोटं बोलले असते तर मला मनसोक्त चिडता आलं असतं. या माणसानं माझी चिडायचीही सोय ठेवली नाही.

आता आमच्याकडची भेटायला यायची रीत. माणूस आजारी पडलं की गाव भेटायला येतं, आणि न येणं हा गुन्हा असतो. माझ्या आजाराला शांतता हवी होती, नाहीतर ऐकून घेणारं एखादं माणूस. मला मिळाला भरलेला बाजार. बिस्किटाचे पुडे घेऊन बायका येत, माझ्या खाटेभोवती बसत आणि आपापल्या खानदानातल्या काविळी सांगत. कुणाच्या दिराची कावीळ, कुणाच्या भाचीची कावीळ, कुणाचा सासरा काविळीत गेलेला. गेलेल्याची हकिकत तर जास्तच रंगवून. हळद शिजवायचे दिवस होते. येणाऱ्या प्रत्येकीचे तळहात पिवळे, नखं पिवळी, पदराला पिवळे डाग. त्या पिवळ्या बोटांनी माझी खालची पापणी ओढून ती म्हणे, "पिवळं दिसून राहिलं बरं का!" एकीनं पिवळं म्हटलं की दुसरीला जास्त पिवळं दिसे. माझे डोळे पांढरेस्वच्छ होते. ते मी आरशात रोज बघत होते. पण गावानं ठरवलं म्हटल्यावर आरशाला कोण विचारतो?

मग पथ्य आलं. हळद बंद, तेल बंद, तिखट बंद. हळदीच्या गावात, अंगणात हळदीची रास वाळत असताना, मला पांढरं वरण. आधीच आजारानं जिभेची चव नेलेली, त्यात हे कोमट, अळणी पाणी. वर ताक, फुटाणे, मुळ्याचा पाला आणि ऊस. इतका ऊस की घरात चिपाडांचा ढीग. आईला सगळं माहीत होतं. तरी ती दोन चुलींवर दोन स्वयंपाक करी. मी ताट ढकललं की हळू आवाजात म्हणे, "खाय माय, मावशी चुलीपाशी येऊन बघत्या." मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या. नात्यातल्या नव्हत्या, पण नात्यातल्यांना हक्क शिकवतील अशा. त्यांनी एकदा माझ्या वरणात खरोखर बोट बुडवून पाहिलं होतं.

इथवरही मी सहन केलं. पण काविळीला पथ्य पुरत नाही, काविळीला माळ लागते. डोंगरकड्याकडच्या एका खेड्यात एक बुवा काविळीची माळ घालायचे. माळ डोक्यावर ठेवायची, ती दिवसागणिक वाढत गळ्यात उतरते, गळ्यातून पोटावर येते आणि तेवढी कावीळ उतरते, असा सगळ्यांचा अनुभव. मावशी रोज बाबांच्या मागे लागल्या. "गुर्जी, तुमच्या त्या तत्त्वापायी लेकरू घालवता काय?" आमचे शेतशेजारी काका, मराठ्यांच्या आळीतले, सज्जन माणूस, ते तर जीप घेऊन दारातच उभे राहिले. "डिझेल भरून ठुलं गुर्जी. न्हाई म्हणायचं न्हाई."

इथे बाबांविषयी सांगायला हवं. या माणसाची उभी हयात बुवाबाजीला विरोध करण्यात गेली होती. वाटेतले उतारे ते चपलेनं उडवत. लिंबं घरी आणून सरबत करत. काविळीवाले बुवा चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं होतं, ती हातचलाखी बाबा दरवर्षी शाळेत पोरांना करून दाखवत. आंब्याच्या सालीचा रस आधीच तळहाताला चोळायचा, मग निवळीत हात धुतला की पाणी पिवळं. माळेचंही तसंच. ओल्या काड्यांना दोऱ्याच्या गाठी मारायच्या, काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. मला हे सगळं तिसरीपासून तोंडपाठ होतं. म्हणजे आता बाबांसमोर दोनच वाटा होत्या. एक तर खरं सांगायचं, नाहीतर जीपमध्ये बसायचं.

बाबा जीपमध्ये बसले.

बुवांनी माझे तळहात आपल्या ओल्या हातांनी चोळले, निवळीत धुतले. पाणी पिवळं झालं. "लई जुनी हाय," बुवा म्हणाले. काकांनी हात जोडले. मावशींनी डोळे पुसले. बाबा परातीकडे बघत होते आणि मी बाबांकडे. शाळेत हाच प्रयोग करताना ते परात उंच धरून पोरांना विचारायचे, "सांगा, कावीळ कुठं गेली?" मला एकाएकी हसू फुटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. आवरेचना. बाबा दातओठ खाऊन कुजबुजले, "हसू नको." बुवांनी माझ्या डोक्यावर माळ ठेवली आणि म्हणाले, "हसू द्या, उतरायला लागली."

आणि झालं काय, तर गोळ्या लागू पडल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, काही आठवड्यांनी. मला भूक लागायला लागली, मी अंगणात येऊन बसायला लागले, एक दिवस कुणी न सांगता केस धुतले. तोवर माळ पोटापर्यंत आली होती. गोळ्या कोनाड्यात वहिवाटीच्या कागदांमागे लपवलेल्या आणि माळ छातीवर, सगळ्या गावाच्या डोळ्यांपुढे. मग श्रेय कुणाला जाणार? "गुर्जींनी बी मानलं शेवटी," गाव म्हणालं. बाबांच्या शाळेतली पोरंसुद्धा म्हणाली असतील. मला बाबांची दया आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकाच वेळी. परीक्षा तर हुकलीच होती, वर्ष गेलं.

पण खरा घात पुढेच होता. उन्हाळ्याच्या शेवटी माळ नदीत सोडली, मावशींनी हळद घातलेलं पहिलं कालवण आणून दिलं, कावीळ संपली. आणि बाबांनी गोळ्या आणणं बंद केलं. मी म्हटलं, "डॉक्टरनं न्हाई सांगितलं होतं ना बंद करायला." ते म्हणाले, "आता कशाला? बरी झालीस की." इतके दिवस लोकांना सांगून सांगून त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं. कावीळ बरी झाल्यावर कोण औषध घेतं? आणि मीही गप्प बसले, कारण मलाही बरी झालेली मुलगी व्हायची घाई होती.

कॉलेज सुरू झालं, मी नांदेडला परत गेले, आणि पोळा होईपर्यंत हॉस्टेलच्या पलंगावर पुन्हा पडून होते. या वेळी जास्त वाईट. पहिल्या वेळी मला बहुतेक काहीच वाटत नव्हतं, मरणाचा विचार आला तरी येऊन जायचा. या वेळी एकच गोष्ट वाटत होती, आपण नसलो तर बरं. ती रोज वाटायची, जेवताना, वेणी घालताना, कधीही. एवढं बरं की या वेळी मला आजाराचं नाव माहीत होतं. मी खोलीतल्या त्याच मैत्रिणीला सरळ सांगितलं की मला डिप्रेशन आहे, गोळ्या बंद केल्यात आणि मला मरावंसं वाटतं. ती आधी घाबरली, मग म्हणाली, "चल, आत्ता जाऊ." रेक्टरबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्या लोकांनी किती सोसलं आणि शिकले, तू एवढ्यातेवढ्यानं खचतेस?" मी म्हटलं, "बाई, पाय मोडला असता तर हेच म्हणाला असता का?" त्यांनी बाहेर जायची परवानगी दिली.

डॉक्टर संतापले. "गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?"

"कावीळ बरी झाली म्हणून बंद केल्या," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी सगळी हकिकत सांगितली. मैत्रीण शेजारी बसून तोंडावर ओढणी दाबून हसत होती, मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या आणि म्हणाले, "घरी सगळ्यांना खरं सांग. नाहीतर ही माळ तुझा जीव घेईल."

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तोंड उतरलेलंच. दारात मावशी उभ्या. मला बघून त्यांनी छाती बडवली, "उलटली गं माय! कावीळ उलटली!" उलटलेली कावीळ म्हणजे काय ते गावात सगळ्यांना माहीत, त्यातून माणूस वाचत नाही. तासाभरात अंगण भरलं. काका जीपची चावी घेऊन आले. बाबा खांबाला टेकून उभे होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखलं की हा माणूस पुन्हा जीपमध्ये बसणार आहे.

माझं डोकं फिरलं. मी ओट्यावर उभी राहिले आणि म्हटलं, "मला कावीळ न्हाई. कवाच नव्हती. मला मनाचा आजार हाय. डिप्रेशन म्हणतात त्याला. नांदेडच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू हायेत, त्याच गोळ्यांनी मी मागं बरी झाले होते, आणि त्या बंद केल्या म्हणून पुन्हा पडले. मी येडी न्हाई. कुणाला काही इचारायचं असंल तर मला इचारा."

किती दिवस मी हे मनात घोकलं होतं! आता कुणी रडेल, कुणी उठून जाईल, कुणी तरी निदान विचारेल की बाई, म्हणजे तुला होतं तरी काय? मावशी पुढे झाल्या. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं,

"मंग माळ कशी वाढली?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण अंगणात एकदम जीव आला. व्हय की, माळ कशी वाढली? पोटापर्यंत आली व्हती, आमी सगळ्यांनी बघितली. कावीळ नव्हती म्हणतीस, मंग माळ वाढली कशी? सगळे बाबांकडे वळले. काका म्हणाले, "गुर्जी, पोरगी काय म्हणून राहिली? खरं काय हाय?"

बाबा खांबापासून सुटे झाले. मला वाटलं, आता पुस्तकी मराठी ऐकावी लागणार. पण ते म्हणाले, "खरं हाय तिचं. कावीळ नव्हती. मी खोटं बोललो."

तेवढ्यावर थांबले असते तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. पण प्रश्न माळेचा होता, आणि समोर वर्ग भरला होता. बाबांनी अंगणातून ओली काडी उचलली, दोरा मागवला, गाठ कशी मारायची ते दाखवलं आणि काड्या वाळण्याचं शास्त्र सुरू केलं. मग चुन्याची निवळी, मग आंब्याची साल. वर्षभर तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. लोक प्रश्न विचारत होते, वाद घालत होते, काका तर हमरीतुमरीवर आले. माझा आजार राहिला बाजूला. मी ओट्यावर बसून हे भाषण ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अरे, तुमची पोरगी मरता मरता राहिली, आणि तुम्ही काड्या काय दाखवताय!

लोक गेले ते रागावूनच गेले. फसवलं म्हणून. जीपचं डिझेल, बिस्किटाचे पुडे, रडलेलं रडणं, सगळं फुकट. दुसऱ्या दिवशी आईनं सवयीनं सतरंजी अंथरली, चहाचं मोठं पातेलं ठेवलं. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काविळीला घर पुरत नव्हतं. खरा आजार सांगितला तर मावशीसुद्धा कुडापलीकडूनच आईशी बोलल्या. त्या दोन पोरींपैकी एकीच्या बापानं तिला सायन्स नको, आर्ट्स घे म्हटल्याचं कानावर आलं. बाबांनी मला ते सांगितलं नाही, आईनं सांगितलं. मला वाटलं, मी तोंड उघडून चूक तर नाही ना केली? वाटलं खरं, ते का लपवू?

दुपारी बाबा शेतातून आले. चप्पल काढली आणि रिकाम्या सतरंजीवर, भेटायला आलेली माणसं बसतात तिथे, बसले. पायाचा अंगठा चोळत राहिले. मग म्हणाले,

"त्या डॉक्टरनं तवा मला भायेर बसवलं व्हतं. तुला काय इचारलं?"

"मरावं वाटतं का, हे इचारलं."

"मंग तू काय सांगितलं?"

"व्हय म्हटलं."

आई चुलीपाशी होती, तिच्या हातातलं उलथनं थांबलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आन आता? आता वाटतं?"

मी खरंच विचार केला. त्यांनी इतकं सरळ विचारलं होतं, तर उत्तरही नीटच द्यायला हवं होतं. "आज न्हाई," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "उद्या पुना इचारतो."

मास्तर माणूस. एकदा वेळापत्रकात घेतलं म्हणजे घेतलं. सुट्टीभर रोज विचारलं. मी नांदेडला परत गेले, तर हॉस्टेलच्या फोनवर फोन यायला लागले. गावातल्या पीसीओवर संध्याकाळी रांग असे. काचेच्या खोलीचं दार नीट लागत नसे, आणि लाईन अशी खराब की बोलायचं म्हणजे ओरडायचं. पहिल्या वेळी मी कानाला फोन लावला तर पलीकडून बाबा खड्या आवाजात, कवायतीला हुकूम द्यावा तसं, "आज मरावं वाटलं काय?" मी शरमेनं अर्धी झाले. "बाबा, हळू बोला, लोक हायेत तिथं!" तर म्हणाले, "आयकू येत न्हाई. वाटलं का न्हाई ते सांग." जे गाव माझ्या अंगणात पाय टाकत नव्हतं ते रोज संध्याकाळी रांगेत उभं राहून हे ऐकत होतं. मी रागावले, विनवण्या केल्या, निदान दुसऱ्या शब्दांत विचारा म्हटलं. दुसरे शब्द त्यांना जमेनात. कधी मी "व्हय, वाटलं," म्हणायचे, तेव्हा ते तिथेच, त्या रांगेदेखत, "मंग येऊ काय? गोळी घेतली? मैतरीण हाय का जवळ?" असं एकेक विचारत बसत आणि मागची माणसं खोळंबत. दोनदा तर दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं येऊन दारात उभे.

असे कितीतरी महिने. एकदा परीक्षेच्या दिवसांत मी वैतागून म्हटलं, "न्हाई वाटलं बाबा, आज न्हाई! उद्या माझा पेपर हाय, ठेवा आता." त्यांनी फोन नीट ठेवला नव्हता. मी ठेवणार, तेवढ्यात मला पलीकडचा आवाज ऐकू आला. रांगेतलं कुणी तरी विचारत होतं, आवाज मावशींचा होता.

"काय म्हणली गुर्जी, पोरगी?"

आणि बाबांनी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आज न्हाई म्हणली."